भोक न पाडलेला ड्रम

ड्रमाला भोक पाडायचं काम माझं होतं. ऐकायला येडेपणाचं वाटेल, पण साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात त्या कामाला एक माणूस ठरलेला होता आणि तो मी. रिकामा झालेला ड्रम ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं काठोकाठ भरायचा, दोन दिवस मागच्या अंगणात तसाच ठेवायचा, मग ओतून, उपडा करून, छिन्नीनं तळाला चार भोकं पाडायची आणि वर घण घालून चेपायचा. तो ड्रम पुन्हा कुणी कशाला वापरू नये म्हणून हा सगळा खटाटोप. ऐंशीच्या दशकात मुंबईत रिकामा ड्रम म्हणजे काय चीज होती, हे ज्यांच्या घरात नळ सोडला की पाणी यायचं त्यांना कळायचं नाही. त्यांना समजावत बसायला मला वेळही नाही.

आमचं काम सॉल्ट बाथ नायट्रायडिंगचं. म्हणजे काय रे करता, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, पोलादाला कातडी चढवतो. शाफ्ट, गिअर, साच्यांचे तुकडे, पंपाच्या दांड्या बाहेरून यायच्या. त्या धुवून त्यांचं तेल काढायचं, एका भट्टीत तापवून कोरड्या खटखटीत करायच्या आणि मग बास्केटमध्ये लावून मिठाच्या बाथमध्ये सोडायच्या. मीठ म्हणजे जेवणातलं नव्हे. सायनाइडचं मिश्रण, पाचशे सत्तर डिग्रीला वितळलेलं. दीडेक तास आत ठेवलं की पोलादाच्या अंगात नायट्रोजन शिरतो आणि वर केसाहूनही पातळ असा थर धरतो. तेवढ्याशा थरासाठी लोक लांबलांबून माल पाठवायचे. बाहेर निघालेला जॉब, म्हणजे तो तुकडा, काळपट करडा दिसायचा आणि त्यावर कानस मारली तर घसरायची. कानस घसरली की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचं.

आमचे इन्चार्ज मुलुंडचे. केमिस्ट्रीतले बी.एस्सी., पांढरा बुशकोट, आवाज कधी चढवायचे नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला बाथपाशी उभं करून सांगितलं, की ओला जॉब आत गेला तर बाथ उडतो आणि तोंड भाजतं. पण ते निदान दिसतं. जे दिसत नाही ते जास्त वाईट. या मिठाला आंबट लागलं की त्यातून गॅस सुटतो, आणि तो गॅस छातीत गेला तर माणूस उभ्याचा आडवा होतो. म्हणून ॲसिडचा कॅन आमच्या शेडच्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही. जेवणाचा डबा आत आणायचा नाही. दसऱ्याला कारखान्यातल्या सगळ्या मशिनींवर लिंबू कापलं जायचं, आमच्या शेडला मात्र फक्त झेंडूचा हार, तोही बाहेर चौकटीला.

भिंतीवर पत्र्याची एक पेटी होती, तिच्यात औषधाच्या काचेच्या कुप्या. कुणी कोसळला तर कुपी रुमालात फोडून नाकाशी धरायची, त्याला डॉक्टरकडे न्यायचं आणि पोचताक्षणी सांगायचं, सायनाइड. हा शब्द आधी, बाकीचं सगळं नंतर. इन्चार्जनी मला ते दोनदा म्हणून दाखवायला लावलं होतं.

आणखी एक गोष्ट आम्हाला शिकवलेली होती, ती मालकांनी. फॅक्टरी इन्स्पेक्टर किंवा पालिकेचा कुणी आला आणि काही विचारलं, तर आपली अक्कल पाजळायची नाही. ‘साहेबांना विचारून सांगतो’ एवढंच म्हणायचं. माल धुतलेलं पाणी कुठं सोडता? साहेबांना विचारून सांगतो. या ड्रमात काय असतं? साहेबांना विचारून सांगतो. चार वर्षांत हे वाक्य जिभेवर इतकं बसलं, की एकदा बसमध्ये कंडक्टरनं कुठं उतरणार असं विचारलं तर मी तेच म्हणालो. अर्धी बस हसली. मीही हसलो.

आमची खोली घाटकोपरच्या डोंगरावर. दादा, वहिनी, त्यांची तीन वर्षांची मुलगी आणि मी. दादा गिरणीत होता, संपानंतर गिरणीनं त्याला परत घेतलंच नाही, मग तो एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागला. वहिनी मालवणकडची. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा समुद्र दिसेल अशा समजुतीत होती, आणि दिसला तो डोंगर आणि त्याच्या अंगावर चिकटलेल्या खोल्या. त्यावरून ती दादाला शेवटपर्यंत टोमणे मारायची. मोठ्यानं हसायची, मोठ्यानं बोलायची, आणि तिला सगळं लख्ख लागायचं. पितळेचा हंडा ती असा घासायची की उन्हात ठेवला तर डोळे दिपायचे.

पाणी दुपारी तीनला यायचं आणि पावणेचारला जायचं. नळ खाली वळणावर, आणि आमची खोली तिथून सत्तावन्न पायऱ्या वर. हे मी मोजलेलं आहे, कारण सुट्टीच्या दिवशी मीही भरायचो. शेजारच्या प्रत्येक दारात एकेक ड्रम होता, निळा नाही तर काळा, कुणाचा तेलाचा, कुणाचा रंगाचा. एकदा भरून ठेवला की दुसऱ्या दिवशी नळानं दगा दिला तरी घर चालायचं. आमच्याकडे दोन हंडे, एक कळशी आणि एक बादली. त्यामुळे वहिनीला त्या पाऊण तासात आठ-नऊ खेपा पडायच्या, आणि एवढं करून रात्रीपर्यंत सगळा खडखडाट.

‘भावजी,’ ती म्हणायची, ‘सगळ्यांच्या दारात ड्रम आसा, आमच्याच दारात नाय. तुमी कारखान्यात करतास तरी काय?’

‘भोकं पाडतो.’

‘मग एकाक पाडू नकात.’

सहा महिने मी टाळलं. आमचा ड्रम चालत नाही गं, असं सांगितलं. का चालत नाही, ते सांगितलं नाही. विष म्हटलं असतं तर तिनं मला त्या कारखान्यात परत पाऊल टाकू दिलं नसतं, दादाला सांगितलं असतं, नळावर सांगितलं असतं. घरी मी एवढंच सांगितलं होतं की मी लोखंड तापवतो. मग एके दिवशी हंडा कमरेवर असताना ती पायरीवरून घसरली. हंडा गडगडत खाली गेला आणि तिची कंबर धरली. आठ दिवस वाकता येत नव्हतं, तरी खेपा चालूच. तळहातानं कंबर दाबत वर यायची आणि मला बघून हसायची. माझ्याच्यानं ते बघवेना. तेव्हा मी ठरवलं, एक ड्रम आणायचा. ही चांगुलपणाची गोष्ट होती असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, आणि ती होतीही. म्हणून तर जास्त संताप येतो.

करायचं होतं ते नीट करता आलं असतं. ब्लीचिंगच्या पाण्यानं भरून दोन दिवस ठेवला असता तर काही झालं नसतं. पण अंगणात भरलेला ड्रम इन्चार्जना दिसला असता, आणि तिसऱ्या दिवशी त्याची भोकं मोजायला ते आले असते. त्यात गुरुवारी आमचा टेम्पो घाटकोपरला माल घेऊन निघाला होता आणि ड्रायव्हर ओळखीचा. मी घाई केली. साध्या पाण्यानं तीनदा खंगाळला. बाहेरच्या अंगावर कवटी आणि हाडांचं चित्र होतं, ते एमरी पेपरनं घासून घासून काढलं, पार पत्रा दिसेस्तोवर. गेटवरच्या वॉचमननं विचारू नये म्हणून, आणि दुसरं म्हणजे घराच्या दारात कवटी कशी ठेवायची? अपशकुन नको, एवढा विचार मी केला. आत वाकून पाहिलं तर तळाच्या शिवणीत पांढरा कडक थर चिकटून राहिला होता, पाण्यानं न सुटलेला. तोही मी पाहिला. म्हटलं, रविवारी सुट्टी आहे, कारखान्यातून ब्लीचिंग पावडर नेऊ आणि घरीच काढू. ते पाणी डोंगरावरच्या गटारात ओतणार होतो, जिथं पोरं खेळायची. माझी अक्कल तेव्हा कुठं चरायला गेली होती, मला माहीत नाही.

ड्रम आला तेव्हा वहिनीचा आनंद बघण्यासारखा होता. तिनं त्याच्याभोवती एक फेरी मारली, वर थाप मारून आवाज ऐकला, शेजारणीला हाक मारून दाखवला. मी तो दाराबाहेर उपडा ठेवला आणि वर गोणपाट टाकलं.

‘याला हात लावायचा नाही,’ मी म्हणालो. ‘रविवारी मी धुणार. मीच.’

‘तुमी? भांडी घासतलात?’

‘ड्रम आहे तो. भांडं नाही.’

‘बरा,’ ती म्हणाली आणि दादाकडे बघून हसली.

मी एवढंच बोललो. अजून चार शब्द बोलायचे होते. आत विष आहे गं, हात लावू नकोस. सहा-सात शब्दच झाले असते.

शनिवारी अक्षय तृतीया होती. माझ्या डोक्यात तो दिवस नव्हताच. पुरुषांच्या डोक्यात असल्या गोष्टी जेवणात गोड आल्यावर येतात. पण तिच्या माहेरी त्या दिवशी नव्या भांड्यात पाणी भरायची रीत होती. नवा माठ घ्यायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, भरायचा आणि मग वर्षभर त्या घरात पाणी कमी पडत नाही, अशी समजूत. आणि दारात नवा कोरा ड्रम. नळ येणार तीनला. दिरानं रविवारी घासायचा आणि आपण शनिवारचा मुहूर्त घालवायचा, हे तिला कसं पटणार? शिवाय घरात बाई असताना दीर भांडं घासतोय, हे शेजारणींनी बघितलं तर तिलाच नावं ठेवली असती. तिनं सकाळीच पातेलंभर चिंच भिजत घातली. हंडा चिंचेनं निघतो, तांब्या चिंचेनं निघतो, समई चिंचेनं निघते. मग ड्रम का नाही निघणार?

माझी सकाळची पाळी होती, तीनला सुटली. घाटकोपरला येऊन डोंगर चढलो तर आमच्या गल्लीत माणसं जमलेली, आणि नळ चालू असूनही खाली कुणी नव्हतं. तिथंच काहीतरी चुकतंय असं वाटलं. शेजारीण आपल्या उंबऱ्यावर बसली होती, तोंड पांढरं पडलेलं, समोर ओकारी. तिची मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. शेजारणीनंच सांगितलं. तीनला नळ आला तरी वहिनीचा हंडा रांगेत दिसला नाही, म्हणून ती वर बघायला आली. तर वहिनी कमरेपर्यंत ड्रमात वाकलेली, हात खाली लोंबत, आणि काही केल्या ओ देईना. हिनं ओढून बाहेर काढली, तेवढ्यात हिचंही डोकं गरगरलं. वहिनीचा श्वास चालू होता, पण कसा तरी, मध्येच थांबत. दादा नुकताच ड्यूटीवरून आला होता. दोघा-तिघांनी तिला उचलून खाली नेलं, रिक्षात घातलं, पालिकेच्या हॉस्पिटलात.

ड्रम आडवा पडला होता. बाजूला पातेलं, आणि चिंचेचा चोथा ओल्या फरशीवर पसरलेला. मला पुढचं काही सांगायची गरज पडली नाही. पुतणी आतल्या चटईवर झोपली होती, तिला शेजारणीच्या मुलीकडे दिलं, ड्रमाजवळ कुणाला जाऊ देऊ नकोस असं ओरडून सांगितलं आणि धावत सुटलो. वाटेत माझ्या तोंडात एकच शब्द होता. मी तो म्हणत पळत होतो. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण मला माहीत नव्हतं असं उद्या कुणी माझ्या बाजूनं म्हणायला नको.

हॉस्पिटलात कॅज्युअल्टीच्या खाटेवर वहिनी होती. नाकाला ऑक्सिजन, डोळे अर्धे उघडे, दोन्ही हात कोपरापर्यंत चिंचेनं माखलेले. छाती वर यायची, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा वर. दादा तिच्या उशाशी. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, फार तर वर्षभरानं मोठ्या. त्या दादाला विचारत होत्या, ‘घरात काही भांडण झालं का? काही प्यायली का?’

‘नाही हो बाई,’ दादा म्हणाला, ‘ड्रम घासत होती.’

‘कसला ड्रम?’

दादानं माझ्याकडे पाहिलं. ‘ह्याच्या कारखान्यातला.’

त्या माझ्याकडे वळल्या. ‘काय होतं त्यात?’

दाराशी एक हवालदार वही घेऊन बसला होता. त्यानंही मान वर केली. आणि मी म्हणालो,

‘साहेबांना विचारून सांगतो.’

कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘मग लवकर विचारा. पळा.’

मी पळालो. इतक्या वर्षांत मी त्या क्षणाकडे सगळ्या बाजूंनी बघितलंय. भीती होती का? होती. ड्रम चोरून आणलेला, हवालदार समोर, नोकरी जाणार, मालक पोलिसात देणार, दादाची कमाई ती काय, हे सगळं एका झटक्यात डोक्यात येऊन गेलं. पण नुसती भीती असती तर मी गप्प बसलो असतो. मी गप्प बसलो नाही. चार वर्षं जे म्हणत आलो तेच तोंडातून बाहेर पडलं, आणि ते बाहेर पडल्यावर मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. आता साहेब काय ते सांगतील, आपल्यावरचा भार गेला. वाकलेल्या माणसाला वाकून उभं राहणंच सोपं जातं.

गेटसमोर औषधाच्या दुकानात नाण्याचा फोन होता. दोन माणसं माझ्या आधी. एक बाई कुणाच्या तरी बाळंतपणाची बातमी एकेका नातेवाइकाला कळवत होती. मी तिला बाजूला ढकलू शकलो असतो. ढकललं नाही, रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तर कारखान्याचा फोन एंगेज. पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदा लागला तर ऑपरेटर म्हणाला, इन्चार्ज मागच्या शेडमध्ये आहेत, बोलावतो, धरून ठेव. मी धरून ठेवला. दुकानात पंखा होता, त्याच्याखाली उभा होतो.

ते फोनवर आले. मी सांगितलं, ड्रम घरी आणला होता, वहिनीनं चिंचेनं घासला, डॉक्टर विचारतायत काय सांगू.

मग ज्या माणसानं चार वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता, तो ओरडला. ‘अरे गाढवा, मला काय विचारतोस? जाऊन सांग त्यांना, सायनाइड. पळ. मी पेटी घेऊन येतो.’

त्यांनी मला अडवलं असतं तर किती सोपं झालं असतं. नाव घेऊ नकोस, कारखाना बंद पडेल, असं काही म्हणाले असते तर आयुष्यभर शिव्या घालायला एक माणूस मिळाला असता. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

मी आत जाऊन शब्द सांगितला. डॉक्टरीणबाईंनी नर्सला हाक मारली, औषधांची नावं सांगितली, कुणीतरी वरच्या मजल्यावर धावलं, कुणी शीर शोधायला लागलं. मला आणि दादाला बाहेर काढलं. पाच-सात मिनिटं झाली असतील. मग आतली धावपळ हळूहळू थांबली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. दादाशी त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही. त्यानंतर दादा आत गेला, आणि त्या माझ्याजवळ थांबल्या.

‘तुम्हाला आधीपासून माहीत होतं,’ त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली.

‘एवढा वेळ तिनं तग धरला होता. म्हणजे फार नव्हतं गेलं अंगात.’ एवढं बोलून त्या दुसऱ्या खाटेकडे गेल्या. त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर मला सोसलं असतं.

इन्चार्ज टॅक्सीनं आले, काखेत ती पत्र्याची पेटी. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पेटी खाली ठेवून बाकावर बसले. नंतर पोलिसांशी तेच बोलले, पंचनाम्याला तेच डोंगरावर आले, ड्रम तेच घेऊन गेले. फोन किती वाजता आला होता हे त्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल त्यांनी कुणाजवळ अक्षर काढलं नाही. माझ्याजवळही नाही. मला एक मेमो मिळाला. ज्या नोकरीसाठी मी तोंड बंद ठेवलं, तिला धक्कासुद्धा लागला नाही. कारखाना बंद पडेपर्यंत मी तिथेच होतो आणि ड्रमांना भोकं पाडत होतो. चार सांगितली होती, मी दहा-बारा पाडायचो. चाळण करून टाकायचो. बाकीचे म्हणायचे, याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

ड्रम मी आणला हे दादाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते त्यानं माफ केलं, आणि केलं म्हणजे खरंच केलं. ‘तू हात लावू नको म्हणून बजावलं होतंस,’ तो म्हणायचा, ‘तीच ऐकली नाही. तिचा स्वभाव मला माहीत नाही का?’ वहिनीचे वडील गावाहून आले, माझ्या अंगावर धावून आले, तेव्हा दादाच मध्ये पडला. ‘त्याला काही बोलू नका,’ तो म्हणाला. ‘त्यानंच तर हॉस्पिटलात आल्या आल्या साहेबाला फोन करून विषाचं नाव काढून आणलं. डॉक्टरांना तरी कुठं कळत होतं?’

मी तिथं उभा होतो. मी काही बोललो नाही.

मग ती गोष्ट तशीच चालू लागली. दादानं दुसरं लग्न केलं नाही. मुलीला त्यानं आणि मी मिळून वाढवलं, माझं लग्न झाल्यावर माझ्या बायकोनं. कुणी पाहुणा आला, वहिनीचा विषय निघाला, की दादा सांगायचा, माझ्या भावानं धावपळ करून नाव काढून आणलं, पण तिची वेळ भरली होती. पुतणीच्या सासरी सांगितलं. माझ्या मुलाच्या साखरपुड्यात माझ्या व्याह्यांना सांगितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मी खाली बघायचो. लोकांना वाटायचं, भिडस्त माणूस आहे. मला त्या हाताचा राग यायचा. कधी कधी दादाचाच राग यायचा, इतका की दोन-दोन महिने त्याच्याकडे फिरकायचो नाही. तो फोन करून विचारायचा, बरं नाही का रे तुला?

मागच्या वर्षी त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मुलुंडला. पुतणी ऑफिसात, म्हणून दिवसभर मी त्याच्याजवळ. एका डोळ्यावर पट्टी. दुपारी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, मिसेस नाहीत का? आणि दादानं सुरू केलं. ड्रम, चिंच, रिक्षा. ‘हा माझा भाऊ,’ तो म्हणाला, ‘ह्यानं आल्या आल्या...’

‘आल्या आल्या नाही,’ मी म्हणालो.

तो थांबला. म्हाताऱ्यानं शहाणपणानं तोंड भिंतीकडे केलं. मग मी सांगून टाकलं. मला शब्द माहीत होता, मी तो घोकत घोकत आलो होतो, डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी तो बोललो नाही. फोनवर साहेबांनी मला काही नवीन सांगितलं नव्हतं. एका दमात सांगितलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

दादाचा उघडा डोळा छताकडे.

‘किती वेळ लागला तुला फोनला?’

‘वीस मिनिटं,’ मी म्हणालो. ‘जास्तच. रांग होती.’

त्यानं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

‘तेवढा वेळ मी तिला पेपरानं वारा घालत होतो,’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, उकाड्यानं होतंय.’